तव्यावरचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त “काही जुने लिहा” असा चिटणीसबाईंचा निरोप आला. राजेरजवाड्यांविषयी लिहिण्याइतका माझा अभ्यास नाही. परंतु बायकांचा पुष्कळसा इतिहास चुलीपाशी घडला आणि तिथल्याच राखेत विरून गेला. त्यातला एक तवाभर भगिनींपुढे मांडते.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजात जाणारी माझी नात सुटीला आली. “आजी, मी आता दूध, दही, तूप काही खात नाही. मी व्हीगन झाले,” असे तिने आल्याआल्याच जाहीर केले. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी प्रचारात आणला, हेही तिनेच सांगितले. मी थालीपीठ लावले आणि सवयीने वर लोण्याचा गोळा ठेवू लागले. तिने पानावर हात आडवा धरला. मला राग आला, आणि डोळ्यांपुढे दुसरेच एक पान उभे राहिले.

१९७२ साली पाऊस आला नाही. त्यानंतरचा, म्हणजे १९७३ चा उन्हाळा आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी काढला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वैरण नाही म्हणून म्हैस विकली. तिच्यामागे दूध, ताक, लोणी सारेच गेले. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो.

मिलो म्हणजे ज्वारीच. ज्वारीचे मूळ घर आफ्रिका. तेथून हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली, पुढे अमेरिकेतही गेली, आणि त्या साली बोटीत बसून पुन्हा आमच्या दारी आली. पण तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता. भाकरी थापताना तुटे. मग आईने युक्ती काढली. पिठाला उकळत्या पाण्याची उकड दिली. त्यात मूठभर डाळीचे पीठ, चिरलेला कांदा, तिखटमीठ आणि आदल्या वर्षीचा वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला चुरून घातला. ओल्या फडक्यावर थापून ते लोखंडी तव्यावर टाकले, बोटाने मध्ये भोके पाडली, त्यांत करडईच्या तेलाचे थेंब सोडले आणि वर झाकण ठेवले. खाली खरपूस, वर मऊ. जोडीला शेंगदाण्याची चटणी. त्यातली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आलेली. भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आमच्या दरिद्री तव्यावर निम्मी पृथ्वी गोळा झाली होती, पण हे तेव्हा कोणाला ठाऊक?

मला त्या तांबड्या रंगाचा वीट आला होता. एके रात्री “लोणी नसेल तर मला नको” म्हणून मी पान ढकलले. थालीपीठ चुलीच्या राखेत पडले. आई रागावली नाही. तिने ते उचलले, झटकले आणि मुकाट्याने खाल्ले. परातीत दुसरा गोळा नव्हता, हे मला फार पुढे कळले. ते थालीपीठ तिच्याच वाटणीचे होते.

पुढे १९७७ साली आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. त्यामागे त्या उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या हजारो हातांचे कष्ट होते. त्यांत माझ्या आईचेही हात होते. कायद्याचे साल पुस्तकात सापडते. राखेतल्या थालीपीठाचे साल कोण लिहिणार?

नातीला मी हे सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजी, पणजीकडे नव्हतं म्हणून तिने खाल्लं नाही. माझ्याकडे आहे, तरी मी सोडते. दोन्ही सारखं नाही, मला कळतं.” माझा राग तेथेच निवला. दुसऱ्या दिवशी पीठ तिनेच मळले. लोणी नव्हते, पण त्याची आठवण कोणालाच झाली नाही.

भगिनींनो, तुमच्या आईचाही असा एखादा पदार्थ असेल. त्याची कृती तर लिहून ठेवाच. पण तो कोणत्या साली, कशावाचून आणि कोणासाठी केला, तेही शेजारी लिहा.