नाव तेवढे बदलले

एका वेळी एकच घटक बदलायचा आणि बाकीचे सारे कायम ठेवायचे, हा प्रयोगाचा पहिला नियम आपण माध्यमिक शाळेतच शिकवतो. लंबकाचा आवर्तकाल गोळ्याच्या वस्तुमानावर अवलंबून आहे का, हे पाहायचे असेल तर दोरीची लांबी तीच ठेवावी लागते. समाजात होणारा अन्याय मोजण्यासाठी हा नियम वापरता येईल का? ब्रिटनमधल्या दोन डॉक्टरांनी तो वापरला. त्यांनी काय केले आणि का केले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशात पैसे आहेत की नाहीत, हे पाहायचे नाही, हे तिचे मूलतत्त्व. असे दार उघडले की रुग्ण येतात, आणि त्यांना पाहायला डॉक्टर लागतात. परंतु १९५७ साली विलिंक समितीने नेमका उलटा अंदाज बांधला. पुढे डॉक्टर जास्त होतील, तेव्हा वैद्यकीय प्रवेश सुमारे एक दशांशाने कमी करावेत, असे तिने सुचवले. डॉक्टर तयार व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. त्यामुळे असा अंदाज चुकला तर तो उशिरा कळतो आणि दुरुस्तीला आणखी काही वर्षे जातात. त्याच काळात अनेक ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे निघून जात होते.

ही पोकळी मोठ्या प्रमाणावर भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि पुढे बांगलादेश येथील डॉक्टरांनी भरून काढली. यात योगायोग नव्हता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना १८४५ ची. तेव्हापासून आपल्याकडील आधुनिक वैद्यकीय शिक्षण ब्रिटिश नमुन्यावरच उभे राहिले. भाषा इंग्रजी, पुस्तके तीच, परीक्षांची पद्धतही तीच. भारतीय पदव्यांना ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता होती. ती १९७५ साली काढून घेण्यात आली. तोपर्यंत मुंबई, मद्रास किंवा कलकत्त्याहून निघालेला डॉक्टर तिकडच्या रुग्णालयात थेट कामाला लागू शकत होता.

यातले बरेच जण उच्च शिक्षण घेऊन शल्यचिकित्सक किंवा मोठे फिजिशियन व्हावे, या इच्छेने गेले. कनिष्ठ जागा त्यांना मिळत. पुढच्या पायरीवर मात्र दार अडे. नामांकित रुग्णालयांतील मानाच्या शाखा बहुधा तिथल्याच डॉक्टरांकडे जात. उरे ते इतरांना नको असलेले काम. वृद्धांवरील उपचारांची शाखा तेव्हा नवीन आणि कमी प्रतिष्ठेची होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे वॉर्ड, जुन्या इमारती, अपुरी साधने असा तिचा पसारा. ही शाखा उभारण्यात दक्षिण आशियाई डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या मुलाखती संशोधकांनी ध्वनिमुद्रित केल्या असून त्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केल्या आहेत. रुग्णालय सोडून जे फॅमिली डॉक्टर झाले, त्यांना दवाखाना मिळाला तो वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत, उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत किंवा पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांत.

नेमक्या अशाच वस्त्यांत आजार जास्त होते. ज्यूलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात फॅमिली डॉक्टर होते. १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी एक नियम मांडला. जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तिथे ती सर्वांत कमी मिळते. आणि सेवेवर बाजाराचा प्रभाव जितका अधिक, तितका हा नियम अधिक कडकपणे लागू पडतो. गणितात आपण व्यस्त प्रमाण शिकवतो, त्याचेच हे सामाजिक रूप. उपचार मोफत असूनही हा नियम लागू पडत होता, कारण दार मोफत असले तरी दारामागे डॉक्टर असावा लागतो.

आता दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहू. गरीब वस्तीत जायला डॉक्टर तयार नाहीत, ही एक विषमता. परदेशी डॉक्टरला चांगल्या जागा मिळत नाहीत, ही दुसरी. पहिल्या विषमतेने पडलेले भोक दुसरीने बुजवले. दवाखाना चालू राहिला, रुग्णांना औषध मिळाले, आणि व्यवस्थेत काही बिघडले आहे हे वरवर दिसेनासे झाले. यामुळेच दुसरी विषमता वेगळी काढून मोजण्याची गरज होती.

डॉक्टरांना स्वतःला ती जाणवत होती. परंतु ‘तुमची पात्रताच कमी असेल’ हे उत्तर तयार असे. १९८८ साली त्या उत्तराला पहिला मोठा तडा गेला. लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात अर्जांची पहिली छाननी संगणक करत असे. आधी निवड करणाऱ्या माणसांचे निर्णय पाहून हा कार्यक्रम तयार केला होता, आणि त्या निर्णयांशी तो बरोबर जुळतही होता. चौकशीत आढळले की, नाव युरोपीय वाटत नसेल तर संगणक गुण कमी करत असे. मुलींचेही गुण कमी होत. दरवर्षी सुमारे ६० जणांना यामुळे मुलाखत नाकारली गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. विशेष म्हणजे हे महाविद्यालय लंडनमधील इतर अनेकांपेक्षा उदार मानले जाई. यंत्राला स्वतःचा पूर्वग्रह नव्हता. त्याने माणसांचा पूर्वग्रह तंतोतंत उतरवून घेतला होता. आज संगणकाकडे निवड सोपवताना हा प्रसंग विसरून चालणार नाही.

यानंतर अनीस इस्माइल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी आपला प्रयोग केला. इस्माइल हे पुढे मँचेस्टर विद्यापीठात जनरल प्रॅक्टिस या विषयाचे प्राध्यापक झाले. त्यांनी वय, शिक्षण, अनुभव सर्व समान असलेल्या काल्पनिक उमेदवारांचे अर्ज तयार केले. सर्वांचे वैद्यकीय शिक्षण ब्रिटनमध्येच झालेले दाखवले होते, त्यामुळे ‘परदेशी पदवी’ हे कारण आपोआप बाद झाले. फरक एकच, काहींची नावे इंग्रज आणि काहींची आशियाई. रुग्णालयांनी जाहिरात दिलेल्या २३ जागांसाठी प्रत्येकी दोन अर्ज गेले. इंग्रज नावाच्या १२ अर्जांना मुलाखतीसाठी निवडले गेले, आशियाई नावाच्या ६ अर्जांना. पात्रता तीच, नाव तेवढे बदलले, आणि संधी निम्मी झाली.

प्रयोग पुढे चालू राहिला नाही, कारण खोटे अर्ज केल्याबद्दल या दोघांना अटक झाली. खटला मात्र पुढे चालला नाही. १९९३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३ हा आकडा लहान आहे, अशी शंका विद्यार्थी घेतील, आणि ती योग्यच आहे. लहान नमुन्यात योगायोगाला वाव असतो. त्यावर उपाय म्हणजे प्रयोग पुन्हा करणे. त्यांनी तो पुन्हा केला, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षातही भेद दिसलाच.

पुढे इस्माइल यांनी सहकाऱ्यासह प्रश्नाची दुसरी बाजू मोजली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९९२ साली सुमारे १६ टक्के फॅमिली डॉक्टर, म्हणजे साधारण सहांत एक, दक्षिण आशियात शिकलेले होते. ते देशभर सारखे पसरलेले नव्हते. गरीब भागांत त्यांचे प्रमाण जास्त होते. त्यांपैकी दोन तृतीयांश २००७ पर्यंत निवृत्त होतील आणि काही भागांत चारांतला एक डॉक्टर कमी होईल, असा इशारा त्यांनी दिला. ज्यांना उपरे म्हणून बाजूला सारले, त्यांच्याच आधारावर गरिबांची सेवा किती उभी होती, हे या आकड्यांनी दाखवले.

ही कहाणी आपल्याशीही निगडित आहे. या डॉक्टरांपैकी अनेकांचे शिक्षण आपल्या सरकारी महाविद्यालयांत, जनतेच्या पैशातून झाले होते. भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली, आणि ती केंद्रे उभी राहू लागली त्याच दशकांत हे डॉक्टर बाहेर जात होते. वेल्सच्या खोऱ्यातली जागा भरली. मेळघाटातली रिकामी राहिली. व्यस्त प्रमाणाचा नियम देशांनाही लागू पडतो. यात गेलेल्या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे. परंतु चांगले डॉक्टर गरजेच्या जागी का टिकत नाहीत, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

अन्याय जाणवणे पुरेसे नसते, तो दाखवून द्यावा लागतो. आपल्याकडेही आडनाव ऐकून माणसाची पारख होते, हे शिक्षकांना सांगायला नको. घर भाड्याने देताना, नोकरी देताना, वर्गातला मॉनिटर निवडताना नावाचा काय परिणाम होतो, यावर मुलांशी चर्चा करून पाहावी. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक का असतो, हे विचारावे. एकच घटक बदलून पाहण्याची शिस्त प्रयोगशाळेबाहेर किती उपयोगी पडते, हे मुलांना त्यातून समजेल.