फोडलेलं पाकीट आणि पाच हजार टन

ऑपरेशन थिएटरमध्ये निर्जंतुक पाकीट एकदा फोडलं की आतली वस्तू त्या पेशंटची. वापरा नाहीतर वापरू नका. ऐन वेळी काय लागेल ते सांगता येत नाही, म्हणून टाक्यांचे चार धागे जास्त, हातमोज्यांच्या दोन जोड्या जास्त काढून ठेवतात. ऑपरेशन संपलं की न लागलेलंही सगळं कचऱ्यात.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले भूलतज्ज्ञ डॉ. विल्यम रोझेनब्लॅट यांना हे खटकलं. १९९१ मध्ये त्यांनी 'रेमेडी' नावाचा उपक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी. पेशंटच्या अंगाला किंवा रक्ताला न लागलेल्या वस्तू नर्सने वेगळ्या पिशवीत टाकायच्या, त्या निवडायच्या, गरज असेल तिथे पुन्हा निर्जंतुक करायच्या आणि गरीब देशांतल्या हॉस्पिटलांना द्यायच्या. थिएटरचं काम एक मिनिटही अडता कामा नये, नाहीतर असल्या योजना आठवड्याभरात बंद पडतात!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्यातला प्रोग्रॅमर खूश झाला. इकडे जास्तीचं आहे, तिकडे कमी आहे, दोन टेबलं जॉइन करा की झालं काम. पण तसं होत नाही, आणि याचा पुरावा रेमेडीच्या तीन वर्षं आधीचाच आहे.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भीषण भूकंप झाला. जगभरातून पाच हजार टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. नेमकं काय आलंय हे कळायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधांची मुदत पोचतानाच संपलेली होती, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेली. उरलेल्यांतली जेमतेम ३० टक्के सहज ओळखता येत होती. कारण बहुतेकांवर नुसतं कंपनीचं नाव! समजा, परदेशातल्या डॉक्टरच्या हातात आपण 'क्रोसिन'ची पट्टी दिली आणि त्यावर पॅरासिटामॉल असं कुठेच लिहिलेलं नसेल, तर तो काय करणार?

बोस्नियात तर याहून वाईट झालं. १९९२ ते १९९६ च्या मध्यापर्यंत तिथे सुमारे १७ हजार टन बिनकामाची औषधं जमा झाली. युद्धाने मोडलेल्या देशाच्या माथी ती नष्ट करण्याचा खर्च आला. देणाऱ्यांचा तोच खर्च आपापल्या घरी वाचला. याला मदत म्हणायचं की कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटणं, तुम्हीच ठरवा.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. घेणाऱ्याने सांगितलेल्या गरजेनुसारच द्या, पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं हवं. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे, तुमच्या देशात जे चालणार नाही ते दुसऱ्यालाही चालणार नाही.

मग १९९८ मध्ये अटलांटा भागात 'मेडशेअर' ही संस्था सुरू झाली. इथे हॉस्पिटलांचं शिल्लक सामान गोदामात येतं, त्याची नोंद होते आणि घेणारं हॉस्पिटल ऑनलाइन यादीतून हवं ते, हवं तितकं निवडतं. आमच्या भाषेत पुशचं पुल झालं. धागे कुठले आणि किती हे तिकडची नर्स ठरवते.

मशीनचं दुखणं मात्र वेगळंच. अमेरिकेतलं यंत्र ११० ते १२० व्होल्टवर चालतं, बऱ्याच देशांत भिंतीतून २२० ते २४० येतात. शिवाय सुटे भाग हवेत, मॅन्युअल हवं, दुरुस्त करणारा माणूस हवा. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये गरीब देशांतल्या हॉस्पिटलांची माहिती तपासली, तेव्हा साधारण ४० टक्के उपकरणं बंद निघाली. ती सगळी काही दानात आलेली नव्हती. पण नुसतं मशीन बोटीवर चढवून भागत नाही, एवढं त्यावरून कळतं. त्यामानाने धागे आणि हातमोजे फारच सोपे म्हणायचे.