सानिया मिर्झा : हैदराबादेतील सुरुवातीची वर्षे

सानिया मिर्झा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत झाला. त्या वाढल्या आणि टेनिस शिकल्या मात्र आपल्या हैदराबादेत. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांनी रॅकेट हाती घेतली. वडील इम्रान मिर्झा यांनी त्यांना खेळाचे शिक्षण दिले.

त्यांच्या उदयात हैदराबाद ओपन या महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा मोठा वाटा आहे. २००३ साली वाइल्ड कार्डवर त्या येथे प्रथम खेळल्या आणि पहिल्याच फेरीत हरल्या. त्याच वर्षी त्यांनी अलिसा क्लेबानोवासह विम्बल्डनचे मुलींचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तर हैदराबादेतील आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धेत चार सुवर्णपदके जिंकली. २००४ साली हैदराबाद ओपनमध्ये एकेरीत पुन्हा पहिल्याच फेरीत पराभव झाला. पण लीझेल ह्यूबरसह दुहेरीचे विजेतेपद हाती आले.

जानेवारी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सने त्यांना हरवले. पुढच्याच महिन्यात हैदराबादेत अंतिम सामन्यात अलोना बोंदारेन्कोला तीन सेटमध्ये नमवून त्यांनी एकेरीचे विजेतेपद पटकावले. डब्ल्यूटीए स्पर्धेत एकेरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी गाठून त्यांनी वर्षअखेर जागतिक क्रमवारीत ३१वे स्थान मिळवले.

२००६ साली ही स्पर्धा बंगळूरला गेली. घरच्या कोर्टावर, आपल्या माणसांसमोर दोनदा हरून तिसऱ्यांदा जिंकण्याची जी संधी सानियांना लाभली, ती शहरातील पुढच्या मुलींसाठी उरली नाही.