‘ओरडली काहून नाही?’ : पीडितेवरच संशय का घेतला जातो

बलात्काराची घटना घडली की आरोपीच्या आधी पीडितेचीच चौकशी सुरू होते. अमरावती-अकोल्याकडचे प्रश्न ठरलेले आहेत : ‘तिथं गेलीच काहून?’, ‘ओरडली काहून नाही?’ यामागच्या समजुतींचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकन संशोधक मार्था बर्ट यांनी मिनेसोटातील ५९८ प्रौढांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध केला. स्त्री-पुरुष संबंधात जबरदस्ती चालतेच असे मानणारे लोक पीडितेला दोष देणाऱ्या समजुतीही जास्त मानतात, असे त्यात दिसले.

पण बायकाही बाईलाच का बोलतात? मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या १९६६ च्या प्रयोगात एका बाईला विजेचे झटके बसताना दाखवले (तो अभिनय होता). तिचा त्रास थांबवणे हातात नाही हे कळल्यावर पाहणाऱ्यांनी तिलाच कमी लेखले. जग न्यायी आहे, चांगल्या माणसाचे वाईट होत नाही, हा विश्वास माणूस असा टिकवतो. शेजारणीच्या कडू बोलण्यात मला तरी पुष्कळदा भीतीच दिसते : मी तशी वागत नाही, म्हणजे मी सुरक्षित.

न्यायालयेही यातून सुटली नाहीत. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे ‘मथुरा प्रकरण’ विदर्भातलेच. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधाची सवय असल्याचे म्हणत आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क होता. आपण ओरडलो, असे ती मुलगी सांगत होती. तेही खोटे ठरवले गेले. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले, आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

जखमा नसण्याचे कारण शरीरातच असू शकते. स्टॉकहोममधील २०१७ च्या अभ्यासात २९८ पीडितांपैकी ७० टक्के महिलांनी अत्याचाराच्या वेळी शरीर गोठल्याचे सांगितले. हालचाल होत नाही, आवाज फुटत नाही. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे २०१३ पासून कायद्यातच लिहिले आहे. मथुरा प्रकरणातल्या वैद्यकीय तपासणीत नोंदवलेली दोन बोटांची चाचणीसुद्धा गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले.