आगटीत जाळायचं काय?

‘फायर पिट’ हा शब्द आता मोडनिंबपर्यंत पोचला आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या हॉटेलांच्या लॉनवर तो आधी दिसला, मग नव्या बंगल्यांच्या अंगणात. आमचं शेतातलं घर नव्यानं बांधून झालं तेव्हा चुलतभावानं मोबाइलवर चार-पाच मॉडेल दाखवली. गोल की चौकोनी, पोलादी की बिडाचा, जाळी असलेला की उघडा, अशी चर्चा रंगली. आप्पांनी एवढंच विचारलं, “त्यात जाळणार काय?”

मला वाटतं, या विषयातला खरा प्रश्न तोच आहे, आणि तो बराच जुना आहे.

आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहणाऱ्या भीमेला वर शिरूरकडे घोड नदी येऊन मिळते. त्या घोडच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी तिथं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. कुडाच्या घरांत लंबगोल अग्निकुंडं सापडली. आग आवरावी म्हणून त्यांच्या कडा उचललेल्या होत्या. काही खड्डे अंगणातही होते. ते मांस भाजण्यासाठी असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे घरातली आग वेगळी आणि अंगणातली वेगळी, हा हिशोब तीन हजार वर्षांपूर्वीच झालेला होता. अंगणातली आग चार माणसांनी भोवती बसायची.

पण सोलापूरचा मुलूख लाकडाचा नाही. पाऊस कमी, माळ उघडे, झाड दिसलं तर बांधावरची बाभूळ नाहीतर लिंब. मग इथं आग पेटायची कशावर? शेणावर. इंग्रज अधिकाऱ्यांना हे फार खुपायचं. शेतात जायचं खत चुलीत जातं, कारण रयत अडाणी, असा त्यांचा सूर असे. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला सरकारनं १८८९मध्ये भारतात पाठवलं. त्याचा अहवाल १८९३मध्ये छापला गेला आणि त्यात त्यानं हा सूर खोडून काढला. शेतकऱ्याला खताची किंमत कळते, तो शेण जाळतो कारण त्याला सरपण मिळत नाही. त्यासाठी जळणाची आणि चाऱ्याची राखीव वनं लावा, असं त्याचं म्हणणं होतं. सरकारी कागदांत इतकं सरळ वाक्य क्वचित सापडतं.

हुरड्याची आगटी ही याच टंचाईतून घडलेली वस्तू आहे, असं माझं मत आहे. जमिनीत हात-दीड हात रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यात गोवऱ्या उभ्या रचायच्या, पेटवायच्या आणि धूर सरेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याची कणसं धुरकटतात. ज्वाळा बसून लाल निखारा आणि गरम राख उरली की कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, काढायची आणि हात पोळत असतानाच चोळायची. इथं ज्वाळेचा उपयोगच नाही. लाकूड भडकतं आणि कोवळा दाणा वरून करपतो, आत कच्चा राहतो. गोवरी मंद, एकसारखी धुमसत राहते. खड्ड्याच्या कडा वारा अडवतात, खालची माती तापून राहते. थर्मल इन्सुलेशन म्हणायला हरकत नाही. शिवाय हुरड्याची ज्वारीही वेगळी: गुळभेंडी, सुरती. भाकरीची मालदांडी वेगळी. मोडनिंबहून सोलापूरकडे निघालं की मोहोळ लागतं. तिथल्या संशोधन केंद्रावरच या स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ वाण आजही रब्बीत पेरला जातो.

चुलतभावाच्या फायर पिटचं तंत्र मला आवडलं, हे कबूल. दुहेरी भिंत असते. खालच्या भोकांतून शिरलेली हवा भिंतींच्या मधून तापत वर चढते आणि वरच्या भोकांतून आत येऊन धूरच जाळते. मात्र त्याला लाकूड खडखडीत वाळलेलं लागतं आणि सतत लागतं. तासाला तीन किलो धरलं तरी एका संध्याकाळीत नऊ-दहा किलो जातं. “तेवढ्यात आमचा दोन दिसांचा सैपाक व्हायचा,” आजी म्हणाली.

आजीचा या चर्चेवरचा हक्क सगळ्यांत मोठा. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं विकावी लागली, तेव्हा दावणीबरोबर जळणही गेलं आणि ती काट्याकुट्यांसाठी कोसभर हिंडली. पुढं ऐंशीच्या दशकात सरकारनं सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना आणली. ती २००२मध्ये गुंडाळली गेली. २०१६मध्ये उज्ज्वला आली. आमच्याकडे त्याआधीच गॅस आला होता, पण आजीचा खोकला गेला नव्हता. “चाळीस वर्सं धूर खाल्ला, आता इकत आणताय व्हय?” या प्रश्नावर कुणाकडे उत्तर नव्हतं. हुरड्याच्या आगटीजवळ मात्र ती स्वतः येऊन बसते, वाऱ्याची दिशा बघून.

शेवटी लोखंडी वस्तू आली नाही. भाऊ बांधावरची जुनी बाभूळ तोडायला निघाला होता, ते आप्पांनी थांबवलं. घरापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब खड्डा घेतला. कडेला विहिरीतून निघालेले कोरडे दगड लावले. ओढ्यातले ओले धोंडे तापून तडकतात, म्हणून ते टाळले. थंडीत शेकायला वेडी बाभूळ जाळतो. ती कितीही तोडली तरी पुन्हा फुटते. पेटवणीला तुराट्या. कण्हेर विषारी, ती आगीत नाही. रंग दिलेलं लाकूड आणि प्लायवूडही नाही.

अडलं ते गोवऱ्यांवर. उजनी धरण १९८०मध्ये पुरं झालं, पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. आमच्या दावणीला आता एक गाय आहे. उसाचं पाचट मात्र दर हंगामात फडातच पेटवलं जातं, आकाश काळं होतं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं याच पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि २००२मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळवला. आमच्या शिवारात तो कोळसा मी अजून पाहिलेला नाही.

यंदा गोवऱ्या शेजारच्या गावातून शेकड्याच्या भावानं आणल्या. गुळभेंडीचं बी आप्पांनी एका पाहुण्यांकडून मिळवलं. उसाच्या कडेला दोन गुंठ्यांत पेरलंय. पाखरं राखायला आजीनं गोफण काढून ठेवली आहे.