पेरूच्या पाल्याची कुळी

बेळगाव-निपाणीकडं कुणाला जुलाब लागले, की परसातल्या पेरूची कोवळी पानं चावायला सांगतात. हा उपाय आपण पिढ्यान्‌पिढ्यांचा मानतो. पण पेरू मूळचा अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांबरोबर भारतात आला, म्हणजे या उपायाचं इथलं वय फार तर पाचशे वर्षं. मेक्सिकोतही हगवणीवर हाच पाला उकळून देतात.

मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. तन्नाझ बिर्डी आणि सहकाऱ्यांनी हा काढा प्रयोगशाळेत तपासला आणि २०१० साली निष्कर्ष छापले. काढ्यानं कॉलरा आणि शिगेलाच्या जंतूंना अटकाव केला. मला मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: हगवण लावणाऱ्या ई. कोलायच्या एका प्रकाराला पेशींना चिकटणंच अवघड झालं, आणि दुसऱ्या प्रकाराचं एलटी नावाचं विषही कमी तयार झालं. एसटी या दुसऱ्या विषावर मात्र काढा चालला नाही.

डुकरं पाळणाऱ्यांना छळणारा पिलांच्या हगवणीचा प्रश्नही नेमका इथंच, या चिकटण्यात आणि विषांत, आहे. तीन-चार आठवड्यांची पिलं आईपासून तोडली, की दुधातलं संरक्षण संपतं. मग ई. कोलाय बारीक तंतूंनी आतड्याला चिकटतो आणि हीच विषं सोडतो. पाण्यासारखी हगवण लागून पिलू सुकतं, कधी दगावतं.

अमेरिकेत १९५० च्या सुमारास जनावरांच्या खाद्यात थोडं अँटिबायोटिक घातलं तर ती लवकर वाढतात असं दिसलं, आणि ती सवय जगभर पसरली; पिलांची हगवण रोखायलाही खाद्यात अशी औषधं घातली जाऊ लागली, कोलिस्टिन हे त्यांतलंच एक. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत सापडलेल्या जंतूंत कोलिस्टिनला निकामी करणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाणारं जनुक मिळालं. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या फळीतलं औषध. भारतानं २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. ती योग्यच होती.

चीनमध्ये पेरूच्या पाल्याचा अर्क दूध तुटलेल्या पिलांना देऊन पाहिला गेला आहे. पण पाला उपयोगी ठरला तरीही जन्मल्याबरोबर पोटात जाणारा चीक आणि कोरडी, स्वच्छ जागा यांना पर्याय नाही. पाला त्यांच्या जोडीला चालेल. बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांची संस्था आहे. तिनं पशुवैद्यकांना सोबत घेऊन या पाल्याची मात्रा ठरवावी, आणि एसटीसाठी जोडीला दुसरं काय द्यायचं तेही शोधावं.