दिवसाही जळणारे दिवे

डिसेंबर 1910. तासन् तास सपाट माळावरून धावणारी कॅनेडियन पॅसिफिकची गाडी अचानक उताराला लागते, साउथ सॅस्कॅचेवान नदीच्या खोऱ्यात शिरते आणि तुम्ही मेडिसिन हॅटला उतरता. पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठरतात. वर माळावर वाऱ्याला आडकाठी नव्हती. इथे निदान नदीकाठी निष्पर्ण कॉटनवूडची झाडं आहेत, विटांच्या इमारती आहेत, धूर आहे.

भर दुपार आहे आणि रस्त्यावरचे दिवे जळताहेत.

कुणी विसरलं असेल, असं वाटून तुम्ही पुढच्या खांबाकडे बघता. तोही जळतोय. त्यापुढचाही. खोलीबाहेर पडताना दिवा मालवण्याची सवय असलेल्या तुम्हाला ते बघवत नाही. दुकानदाराला विचारता, तर तो सरळ हिशेब सांगतो: दिवे मालवायला माणूस ठेवायचा तर त्याचा पगार जळणाऱ्या वायूपेक्षा महाग पडतो.

हा वायू सापडला तो पाणी शोधताना. 1883 मध्ये रेल्वेवाले इथून पश्चिमेला इंजिनांसाठी विहीर खणत होते. पाण्याऐवजी वायू उसळला, पेटला आणि खणायचा सांगाडाच जळून गेला. पुढे शहराच्या पोटातही साठा लागला. आता घरातली शेगडी त्याच्यावर, विटांच्या भट्ट्या त्याच्यावर. नदीकाठची चिकणमाती आणि फुकटात जमा असावी अशी आग, एवढ्या भांडवलावर हे गाव कारखान्यांची स्वप्नं बघतंय. त्या स्वप्नांत खोट नाही. तुम्हाला खटकते ती साठा कधी संपणारच नाही ही खात्री.

तीन वर्षांपूर्वी लेखक रुडयार्ड किपलिंग इथे येऊन गेला. या गावाला तळघर म्हणून अख्खा नरकच मिळालाय, अशा अर्थाचं तो बोलून गेला आणि गावानं ते कौतुकानं जपलं. सध्या तर प्रत्येकाच्या तोंडी त्याचंच नाव. शहराचं नाव बदलावं असं काहींचं म्हणणं आहे: कडाक्याच्या थंडीच्या बातम्यांत ते सतत येतं, त्याची थट्टा होते, मग भांडवल कोण आणणार? नाव बदलायला विरोध असलेल्या पोस्टमास्तरनं थेट किपलिंगला लिहिलं आणि त्याचं खरमरीत उत्तर आलंय: नाव विकू नका.

मला त्याचं म्हणणं पटतं. हे नाव ब्लॅकफूट लोकांच्या ‘सामिस’वरून आलं, वैदूच्या गरुडपिसांच्या शिरोभूषणावरून. ते लोक सरकारशी झालेल्या 1877 च्या करारानंतर राखीव जमिनींवर ढकलले गेले. त्यांचे गव्यांचे कळपही मारून संपवले गेले. मालकांचं माळरान गेलं, त्यांच्या शब्दाचा हा एवढा इंग्रजी तर्जुमा फलाटावरच्या पाटीवर उरलाय. तोही पुसायचा?

पण जरा थांबा आणि स्वतःकडे बघा. किपलिंग मुंबईत जन्मला. तुम्हीही मुंबईहून आलात. तो 1907 मध्ये मानाचा पाहुणा म्हणून या देशभर फिरला. तुम्ही काळ ओलांडून आलात म्हणून बरं, बोटीनं आला असता तर बंदरातूनच तुम्हाला परत धाडलं असतं. जानेवारी 1908 पासून नियम आहे: मायदेशातून एकाच सलग प्रवासात आलेल्यालाच कॅनडात प्रवेश. हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नाही, हे नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. चिनी माणसावर तर डोईपट्टीच आहे, 1903 पासून माणशी पाचशे डॉलर.

रात्री वारा फिरतो. रॉकीजवरून उतरणारा कोरडा, उबदार चिनूक काही तासांत बर्फ वितळवतो आणि कोटाची बटणं सोडून तुम्ही चिखलातून स्टेशनाकडे निघता.

किपलिंगचं पत्र वर्तमानपत्रात छापून येतं, कॅनडाभर वाचलं जातं. नाव टिकतं; आजही ते मेडिसिन हॅटच आहे. सलग प्रवासाचा नियम मात्र 1947 पर्यंत टिकला.